नदीकाठच्या उद्यानाचा अभ्यास: सल्लागार नेमताना काय करावं, कोणत्या क्रमानं करावं

सभेत ठराव होतो: ‘नदीकाठ सुशोभीकरणासाठी सल्लागार नेमणे.’ महिन्याभरात निविदा निघते, सगळ्यात कमी देकाराला काम मिळतं आणि तीन महिन्यांनी दिवाणखान्यात लावावं असं रंगीत चित्रांचं पुस्तक पालिकेत येतं. जलसंपदा विभाग पहिल्याच पत्रात विचारतो, ‘पूररेषा कुठे आहे?’ पुस्तकात ती नसते. मग फाईल थांबते आणि सल्लागाराचं देयक मात्र निघालेलं असतं.

ही चूक निविदा उघडताना होत नाही, निविदा लिहिण्याच्या कितीतरी आधी होते. म्हणून खालच्या टप्प्यांत सुरुवातीच्या तयारीला मी जास्त जागा दिली आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या नद्यांची, मुख्यतः कृष्णा-पंचगंगा खोऱ्यातली आहेत. लेख नगर अभियंता, मुख्याधिकारी, नगरसेवक आणि या कामात लक्ष घालणाऱ्या नागरिकांसाठी आहे.

## टप्पा १: काय विकत घेताय ते ठरवा

सल्लागाराची कामं तीन प्रकारची असतात. इथे काय होऊ शकतं आणि काय होऊ नये, हे सांगणारा अभ्यास हे पहिलं. बांधकामाचे नकाशे आणि अंदाजपत्रक, म्हणजे डीपीआर, हे दुसरं. काम चालू असताना देखरेख, म्हणजे पीएमसी, हे तिसरं. आपल्याकडे ही तिन्ही एकाच निविदेत कोंबतात आणि फी प्रकल्पाच्या किमतीच्या टक्क्यांत ठरवतात.

याचा परिणाम काय होतो? ज्यानं ‘इथे फक्त पायवाट आणि झाडं पुरेत’ असं सांगायचं, त्याचीच फी त्या सल्ल्यामुळे घटते. प्रामाणिक माणसालाही अशा कोंडीत टाकू नये.

म्हणून ठरावात ‘सुशोभीकरण’ हा शब्द नको. ‘नदीकाठ उद्यानाचा व्यवहार्यता अभ्यास’ असं लिहा. फी ठोक रकमेत ठेवा. अभ्यास करणाऱ्या संस्थेला आणि तिच्या भगिनी कंपनीला पुढच्या बांधकामाच्या किंवा साहित्य पुरवठ्याच्या निविदेत भाग घेता येणार नाही, ही अट आत्ताच ठरवून टाका. डीपीआर त्याच संस्थेकडून करून घ्यायचा का, हा निर्णय अभ्यास हातात आल्यावर घ्या.

तपासणी: ‘अभ्यासाअंती इथे बांधकाम करू नये असा निष्कर्ष आला, तरी सल्लागाराला पूर्ण फी मिळेल का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: निविदेआधी पालिकेनं स्वतः गोळा करायचे कागद

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो. ‘सल्लागार बघेल’ म्हणतात. सल्लागार बघतो खरा, पण अर्धी मुदत जलसंपदा, भूमी अभिलेख आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरांत जाते आणि उरलेल्या वेळात अभ्यास उरकला जातो. पालिकेच्या पत्राला उत्तर मिळतं, खासगी संस्थेच्या पत्राला सहसा मिळत नाही. तेव्हा हे कागद आधीच काढून ठेवा:

- पूररेषेचे नकाशे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधलं क्षेत्र निषिद्ध. तिथे बाग, मैदान अशा मोकळ्या वापरालाच वाव आहे. निळ्या-लाल रेषांमधलं क्षेत्र नियंत्रित. नुसता नकाशा पुरत नाही, त्यामागचे नदीचे आडवे छेद (काठापासून काठापर्यंत पात्र किती खोल-रुंद आहे ते दाखवणारे) आणि विसर्गाचे आकडेही मागून घ्या.
- विकास आराखड्याची पाने, काठावरच्या आरक्षणांसह. आरक्षण बदलावं लागणार असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालची प्रक्रिया आली आणि तिला वेळ लागतो.
- सातबारा, मिळकत पत्रिका आणि मोजणी. काठ ‘सरकारी’ आहे हे सगळ्यांना माहीत असतं. प्रत्यक्षात त्यात देवस्थानाची जमीन निघते, कुणाची मळईची, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीतली, शेती निघते, घाटालगतचा खासगी वाडा निघतो.
- नाल्यांची यादी. किती नाले नदीत मिळतात, कुठे मिळतात आणि त्यांतले किती सांडपाण्याचे आहेत. बागेच्या बाकावर बसल्यावर वास येणार असेल तर बाग रिकामीच राहते.
- झाडांची गणना, जात आणि घेरासह. ५० वर्षं वा त्याहून जुनं झाड कायद्यानं ‘हेरिटेज’ ठरतं, त्यामुळे वयाचा अंदाजही हवा.
- जुन्या पुराच्या खुणा. घाटाच्या पायऱ्या, देवळाची भिंत, एखाद्या घराचा जिना. २००५, २०१९ आणि २०२१ च्या खुणा लोक बोटानं दाखवतात. त्यांचे फोटो काढा, पातळी मोजून घ्या.

आणि एक यादी कोणत्याही कार्यालयात मिळत नाही: आज हा काठ कोण वापरतो? कपडे धुणाऱ्या बायका, मासेमार, जनावरं पाण्यावर आणणारे, दशक्रिया विधी, स्मशानभूमी, गणपती विसर्जन, आठवडे बाजाराला येणारे विक्रेते, पोहायला येणारी मुलं. ही यादी काठावर चालूनच होते. पहाटे एकदा, बाजाराच्या दिवशी एकदा आणि सुट्टीच्या संध्याकाळी एकदा चाला. नगर अभियंत्यानं स्वतः चालावं, कनिष्ठाला पाठवू नये.

गाव खाडीकाठचं असेल, किंवा नदीत भरतीचं पाणी येत असेल, तर सीआरझेडचा, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशाही लागेल. २०१९ च्या अधिसूचनेनुसार भरतीच्या प्रभावाखालच्या नदी-खाडीच्या काठानं ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमनाखाली येतो. घाट वा देऊळ केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित, हेही नकाशावर आखून घ्या.

इशारा: हे सगळे कागद निविदेसोबत सर्वांना खुले करा. एखाद्याच इच्छुकाला आधी मिळाले तर पुढची स्पर्धा नावापुरती उरते.

## टप्पा ३: कार्यकक्षा लिहा, म्हणजे प्रश्न लिहा

कार्यकक्षा म्हणजे सल्लागारानं नेमकं काय करायचं ते सांगणारा निविदेतला भाग. दुसऱ्या शहराची कार्यकक्षा उतरवून काढणं ही इथली नेहमीची चूक. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर साबरमतीचा रिव्हरफ्रंट असतो. अहमदाबादेत काठाशी जे पाणी दिसतं ते नर्मदा कालव्यातून सोडलेलं आणि वासणा बॅरेजनं अडवलेलं असतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि त्याच पुरात पाणी ५५ फुटांपलीकडे गेलं. उन्हाळ्यात याच नद्या तळाशी एका धारेत वाहतात. एवढा चढउतार असलेल्या काठाला अडवलेल्या पाण्याच्या काठाची कार्यकक्षा लावली, तर अभ्यास पहिल्या पानापासून चुकतो.

म्हणून ‘सविस्तर सर्वेक्षण करणे, आराखडा तयार करणे’ असली वाक्यं गाळा आणि प्रश्न लिहा. माझ्या मते हे प्रश्न वगळता येत नाहीत:

१. प्रस्तावित भराव, भिंत किंवा पायऱ्यांमुळे २५ आणि १०० वर्षांच्या पुरात पाण्याची पातळी किती सेंटिमीटरनं वाढेल? वरच्या अंगाला, पलीकडच्या काठाला आणि प्रत्येक पुलापाशी वेगवेगळं सांगा.

२. दरवर्षी कोणता भाग किती दिवस पाण्याखाली राहील? तिथे ठेवलेलं काय टिकेल आणि काय वाहून जाईल?

३. पूर ओसरल्यावर किती गाळ बसेल, तो काढायला किती माणसं, किती दिवस आणि किती खर्च?

४. काठ वापरणाऱ्या आजच्या प्रत्येक गटाचं काय होईल? कोणाची जागा जाईल आणि पर्याय कुठे देणार? विक्रेत्यांबाबत २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो, त्याचा विचार यात हवा.

५. कोणते नाले आधी अडवावे वा वळवावे लागतील? ते झालं नाही तर बाग करावी का?

६. काहीच बांधलं नाही, फक्त स्वच्छता, सावली, प्रकाश आणि चालण्याची वाट केली, तर काय मिळेल? हा पर्याय किमतीसह मांडा.

७. पहिल्या दहा वर्षांचा देखभालीचा खर्च किती आणि तो पालिकेच्या कोणत्या उत्पन्नातून भागेल?

८. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पाणी दिसेल अशा जागेपर्यंत जाता येईल का?

सहावा प्रश्न बहुतेक कार्यकक्षांत नसतो, म्हणून आग्रहानं सांगतो. तुलनेला हलका पर्याय नसेल तर महागडे तीनच पर्याय समोर येतात आणि सभा त्यातला मधला निवडते.

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि काठावर बाग आहे. अशा जागी एका नदीचं गणित करून चालत नाही. दोन्ही नद्यांना एकाच वेळी पूर आला तर काय, हे विचारावंच लागतं. तुमच्या जागेतही असं काही खास असेल: बंधारा, वळण, मिळणारा ओढा. त्यासाठी एक वेगळा प्रश्न लिहा.

काय सोपवायचं तेही लिहा. अहवालाच्या छापील प्रती आणि पीडीएफवर भागवू नका. सर्वेक्षणाचे बिंदू, कॅड आणि जीआयएसच्या मूळ फाईली आणि पुराच्या प्रतिमानाच्या (पाणी कुठवर चढेल हे संगणकावर मांडणाऱ्या गणिताच्या) चालू फाईली पालिकेच्या मालकीच्या होतील अशी अट घाला. असं प्रतिमान करायचं हेक-रास हे संगणकीय साधन मोफत मिळतं, त्यामुळे त्यातल्या फाईली दुसऱ्या तज्ज्ञाला उघडून तपासता येतात. शंका आली तर खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत अनुसंधान केंद्र किंवा नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) यांच्याकडून तपासणी करून घेता येईल, आणि त्यासाठी मूळ फाईली हव्यातच.

मुदत ऋतूवर ठरवा. नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलात संपणाऱ्या अभ्यासात पूर दिसतच नाही. कोरड्या दिवसांत मोजणी, जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष पाण्याची पाहणी, ऑक्टोबरात गाळाची मोजणी, डिसेंबरात अंतिम अहवाल, असा क्रम ठेवा. ‘चार महिन्यांत द्या’ असा दबाव येईल. तेव्हा टप्पा दोनमधले पुराच्या खुणांचे फोटो सभेपुढे ठेवा.

## टप्पा ४: फीचा अंदाज आणि निवडीची पद्धत

अंदाज दुसऱ्या पालिकेला फोन करून काढू नका. कोणते तज्ज्ञ किती दिवस लागतील हे मांडा: नदीच्या प्रवाहाचा अभियंता, लँडस्केप आर्किटेक्ट, नगररचनाकार, परिसंस्थेचा जाणकार, लोकांशी बोलणारा समाजशास्त्राचा माणूस, सांडपाण्याचा अभियंता, खर्चाचा हिशेब करणारा. दिवस गुणिले दर, त्यात प्रवास, ड्रोन आणि पात्राचं सर्वेक्षण मिळवा. जीएसटी वेगळ्या रकान्यात दाखवायला सांगा, म्हणजे देकारांची तुलना सारखी होईल.

पद्धत निवडताना नुसती कमीत कमी दराची पद्धत या कामाला घेऊ नका. गुणवत्ता आणि दर दोन्ही धरणारी पद्धत सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्येही आहे. मात्र तिच्यातही एक सापळा आहे, तो आकड्यांतच दिसतो.

समजा पहिल्या संस्थेला तांत्रिक ८८ गुण आणि फी ४८ लाख. दुसरीला ७६ गुण आणि फी ३० लाख. दराचे गुण म्हणजे सर्वात कमी फी भागिले त्या संस्थेची फी, गुणिले १००.

- तांत्रिक गुणांना ७० टक्के आणि दराला ३० टक्के वजन, म्हणजे ७०:३० भारांक, धरला तर पहिली ८०.३५, दुसरी ८३.२. दुसरी जिंकते.
- ८०:२० धरला तर पहिली ८२.९, दुसरी ८०.८. पहिली जिंकते.

आता तिसरी संस्था येते: ७१ गुण, फी फक्त ९ लाख. ८०:२० मध्येसुद्धा पहिली ७४.१५ वर, दुसरी ६६.८ वर घसरते आणि तिसरी ७६.८ घेऊन काम नेते. नऊ लाखांत नदीचे छेदही नीट मोजून होणार नाहीत, पण हिशेब नियमात बसतो.

यावर दोन उपाय आहेत. तांत्रिक उत्तीर्णतेची किमान मर्यादा ७० ऐवजी ७५ ठेवा. वरच्या उदाहरणात तिसरी संस्था तिथेच थांबते. किंवा फी आधीच जाहीर करा आणि त्या रकमेत सगळ्यात चांगलं काम कोण देतो एवढंच पाहा. ही ठरावीक अंदाजपत्रकाची पद्धत केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांतही आहे. लहान नगरपालिकेला मला ती जास्त योग्य वाटते. तुमच्या निधीच्या स्रोताला कोणती पद्धत चालते हे लेखाधिकाऱ्याकडून लेखी घ्या.

इशारा: भारांक आणि किमान गुण निविदेत छापल्यानंतर बदलता येत नाहीत. वरचं गणित स्वतःच्या आकड्यांनी निविदेआधी करून बघा.

## टप्पा ५: पात्रतेच्या अटी

रस्त्याच्या निविदेतल्या अटी इथे चिकटवू नका. पन्नास कोटींची उलाढाल मागितली की नदी कळणाऱ्या छोट्या संस्था बाहेर आणि मोठ्या बहुकामी कंपन्या आत. ‘किमान पाच किलोमीटर रिव्हरफ्रंट पूर्ण केलेला असावा’ असं लिहिलं की देशात मोजकेच उरतात. त्याऐवजी असं मागा: गेल्या काही वर्षांत नदी, तलाव किंवा खाडीकाठचे दोन अभ्यास, त्यातला एक तरी पुराच्या प्रतिमानासह. संयुक्त प्रस्तावाला मुभा द्या, कारण लँडस्केपची चांगली संस्था आणि प्रवाहाचा चांगला अभियंता एका छताखाली क्वचित मिळतात. जबाबदार मुख्य भागीदार एकच असावा.

## टप्पा ६: सूचना आणि निविदापूर्व बैठक

ई-निविदा संकेतस्थळाची प्रक्रिया तुमच्या कार्यालयाला माहीत आहे, तिच्यात शिरत नाही. तीन गोष्टी पाळा. प्रस्तावाला किमान चार आठवडे द्या. निविदापूर्व बैठक नदीवर घ्या आणि इच्छुकांना काठानं चालवा. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शुद्धिपत्रकातून सगळ्यांना द्या, फोनवर कुणालाही काही सांगू नका.

## टप्पा ७: तांत्रिक मूल्यमापन

समितीत नगर अभियंता, नगररचनाकार आणि लेखाधिकारी असतातच. बाहेरचे दोघे घ्या: शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला जलअभियांत्रिकीचा प्राध्यापक आणि एखादा लँडस्केप आर्किटेक्ट. कोणत्याही इच्छुकाशी संबंध नाही असं प्रत्येकाकडून लिहून घ्या.

गुणांची विभागणी मी अशी करेन: संस्थेचा अनुभव १५, कामाची पद्धत ३५, प्रत्यक्ष येणारी माणसं ३५, सादरीकरण १५. अनुभवाला ५० गुण देण्याची पद्धत आहे, पण तो अनुभव बहुतेकदा संस्था सोडून गेलेल्या माणसांचा असतो.

माणसांकडे नीट बघा. इथली सर्वांत जुनी युक्ती म्हणजे प्रस्तावात नामवंताचा परिचय जोडायचा आणि कामाला नुकता पदवीधर पाठवायचा. प्रत्येक परिचयावर त्या व्यक्तीची सही आणि या कामाला देणारे दिवस मागा. सादरीकरण गटप्रमुखानंच करायचं, विपणन अधिकाऱ्यानं नाही. न आल्यास त्या भागाचे गुण शून्य, हे निविदेतच लिहा.

सादरीकरणात रंगीत चित्रांना बंदी घाला. अभ्यास झालेलाच नाही, तर चित्र कशाचं? सगळ्यांना तेच तीन प्रश्न विचारा:

- काठावर चालताना तुम्हाला काय दिसलं जे आमच्या कागदांत नाही?
- आमच्या कार्यकक्षेत काय चुकलंय?
- तुमच्या आधीच्या एका अभ्यासातली कोणती शिफारस पुढे चुकीची ठरली आणि का?

दुसऱ्या प्रश्नावर ‘काही नाही, उत्तम आहे’ म्हणणाऱ्यानं ती वाचलेली नसते.

प्रत्येक सदस्यानं गुण आधी स्वतंत्रपणे लिहून सही करावी, चर्चा त्यानंतर. उलट क्रमानं केलं की सगळे गुण वरिष्ठाच्या गुणांभोवती गोळा होतात, हे मी बैठकीत बसून पाहिलं आहे. गुणांमागचं एक वाक्याचं कारणही नोंदवा. लेखापरीक्षणात आणि माहिती अधिकारात तेच उपयोगी पडतं.

तपासणी: प्रत्येक पात्र संस्थेच्या एका जुन्या ग्राहकाला फोन करा. ‘काम चांगलं झालं का’ असं विचारू नका. ‘पूर आल्यावर काय झालं’ असं विचारा.

## टप्पा ८: आर्थिक लिफाफा आणि वाटाघाट

तांत्रिक गुण जाहीर केल्याशिवाय आर्थिक लिफाफा, म्हणजे फीचा देकार, उघडायचा नाही. निवड झालेल्या संस्थेशी चर्चा वेळापत्रक, माणसांचे दिवस आणि पालिकेनं द्यायच्या सोयी यांवर करा. फी घासाघीस करून खाली आणली की ती आधी क्षेत्रीय पाहणीच्या दिवसांतून कापली जाते.

## टप्पा ९: करार आणि पहिले तीस दिवस

देयकं तारखेवर न बांधता कामावर बांधा: प्रारंभिक अहवालाला १० टक्के, सर्वेक्षण आणि मूळ फाईली मिळाल्यावर २५, पर्यायांच्या मांडणीला २५, मसुद्याला २०, आणि जाहीर सुनावणीनंतरच्या अंतिम अहवालाला उरलेले २०. शेवटचा हप्ता किरकोळ ठेवू नका, नाहीतर हरकतींची उत्तरं द्यायला कुणी येत नाही.

प्रमुख तज्ज्ञ बदलायचा तर तेवढ्याच गुणांचा पर्याय आणि पालिकेची लेखी संमती हवी. पालिकेलाही बांधून घ्या: एकच समन्वय अधिकारी आणि प्रत्येक मसुद्यावर १५ दिवसांत लेखी अभिप्राय. अभ्यास रेंगाळतात त्यात पालिकेच्या न दिलेल्या उत्तरांचा वाटा मोठा असतो.

प्रारंभिक अहवाल आला की तो टप्पा तीनमधल्या आठ प्रश्नांच्या शेजारी ठेवून वाचा. प्रत्येक प्रश्नाला कोण, कोणत्या मोजणीवरून, कोणत्या महिन्यात उत्तर देणार, हे त्यात दिसलं पाहिजे. दुसऱ्या नदीचं नाव राहून गेलेलं पान सापडलं, किंवा तुमच्या बंधाऱ्याचा उल्लेखच नसेल, तर पहिला हप्ता रोखा, त्रुटी लेखी कळवा आणि गटप्रमुखाला काठावर बोलावून घ्या.